माक्याचं तेल महिन्याच्या आत बिघडतं: चूक रसात, प्रमाणात की कढवण्यात?

पाटकडे

उसाच्या पाटाकडेला माका गुडघाभर माजलाय. खुरपून फेकण्याऐवजी त्याचं केसांचं तेल करतोय, पण टिकत नाही. केलेली कृती अशी:

१ किलो ओला माका मुळासकट, २ पेले पाणी घालून मिक्सरला फिरवला आणि गाळला. रस आधी हिरवा होता, गाळून होईपर्यंत काळपट झाला. ५०० मिली खोबरेल तेलात तो घालून मोठ्या आचेवर अर्धा तास उकळला. फेस वर आला. ‘तेलाला फेस आला की पाक झाला’ (म्हणजे तेल कढून तयार झालं) असं वाचलं होतं, म्हणून गॅस बंद केला. गार झाल्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत भरून खिडकीत ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात तळाशी काळा गाळ बसला, आंबूस वास आला आणि नंतर साबणासारखा वास येऊ लागला.

चूक नेमकी कुठे? रस काळा पडला म्हणजे खराब झाला का? लोखंडी कढई घ्यावी का? याच पाटाला पिवळ्या फुलांचा एक वेल आहे, त्यालाही इथे माकाच म्हणतात, तो चालतो का? आणि काविळीवर हा रस पोटात देतात, तो किती द्यावा?

पानं_फुलं_पेरं

आधी झाडाची खात्री करा. माक्याच्या नावाखाली निदान चार वेगळी झाडं तोडली जातात.

खरा माका म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा आल्बा लिहिलेलं असतं, झाड तेच. खोड लालसर, जमिनीला टेकलेल्या पेऱ्यांना मुळ्या फुटलेल्या. पानं समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची. पानावरून बोट फिरवलं तर बारीक लव खरखरते. फूल शर्टाच्या बटणाहूनही लहान, आणि त्याचा मधला भागसुद्धा पांढराच, पिवळा नाही. पाकळ्या गळल्या की हिरवं, चपटं, दाणेदार बोंड राहतं, त्यातलं बी पुढे काळं होतं. बियांना उडणारा कापूस नसतो.

शेतात करायची सोपी परीक्षा: कोवळं खोड मोडून तळहातावर चोळा आणि थोडा वेळ थांबा. हिरवा रस पाहता पाहता निळसर काळा पडतो आणि हाताचा डाग साबणानेही लगेच जात नाही. पूर्वी गोंदताना हाच रस वापरत. तेव्हा तुमचा रस काळा पडला हे बिघडल्याचं लक्षण नाही, उलट झाड बरोबर असल्याची खूण आहे. तासभर झाला तरी रस हिरवागारच राहिला, तर हातातलं झाड माका नाही असं समजा.

आता तोतये. सगळ्यात जास्त घोटाळा एकदांडीशी होतो, तिलाच काही भागांत दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात. तिचं फूल वीतभर लांबीच्या एकाच सरळ दांड्यावर असतं, मध्यभाग पिवळा, पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते, आणि बिया कापसासारख्या उडतात. ती कापलेल्या जागी रक्त थांबवायला चोळतात, म्हणजे निरुपयोगी नाही, पण ती माका नाही. दुसरी अल्टरनँथेरा: ओलीत तशीच पसरते, पानं समोरासमोर, पण पांढरे गोंडे पानाच्या बगलेत चिकटलेले आणि कागदासारखे कोरडे लागतात. तिसरी सेसुलिया, भातखाचरात उगवते. तिची फिकट जांभळट किंवा पांढरी फुलं पेऱ्यालाच बसलेली दिसतात. काही गावांत तिलाही माका म्हणतात, म्हणून नावावर विसंबू नका.

पिवळ्या फुलांच्या वेलाबद्दल. पिवळा माका नावाचं औषधी झाड खरंच आहे आणि तमिळनाडूत त्याला चांगला मान आहे. पण पाटाकडेला, रस्त्याच्या दुभाजकावर आणि बंगल्यांच्या कुंपणाला गादीसारखा पसरलेला, जाड चकचकीत पानांचा, दोन-अडीच सेंटिमीटरच्या पिवळ्या फुलांचा वेल बहुतेक वेळा बागेतून सुटलेला वेडेलिया असतो. त्याच्या पानाला दोन बाजूंना कान फुटल्यासारखे कोपरे असतात. तो घेऊ नका.

तैलपाक

तुमच्या वर्णनात तीन चुका दिसतात. त्यातली मुख्य एकच: तेलात पाणी राहिलं.

फेसाचं आधी सांगतो, कारण फसगत तिथेच झाली आहे. रस आणि तेल एकत्र उकळलं की सुरुवातीलाच मोठे बुडबुडे, भसाभसा फेस आणि खदखद आवाज येतो. तो रसातल्या पाण्याचा फेस. पाणी आटत जातं तसा तो बसतो आणि तेल बराच वेळ शांत उकळतं. अगदी शेवटी, वाटलेल्या पाल्यात अडकलेली ओल निघू लागते तेव्हा बारीक, साबणाच्या फेसासारखा दुसरा फेस येतो. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने तेलात फेस येणं आणि तुपात फेस शमणं ही जी सिद्धीची खूण सांगितली आहे, ती या दुसऱ्या फेसाची. तुम्ही पहिल्या फेसालाच थांबलात. राहिलेलं पाणी तळाशी गेलं, त्यात पाल्याचा अंश आंबला, आणि त्याच पाण्याने खोबरेल फुटायला लागलं. खोबरेलात पाणी राहून ते फुटलं की येणारा वास साबणासारखाच असतो. जुनाट, रंगाच्या डब्यासारखा वास आला असता तर दोष हवा-उजेडाचा म्हटला असता.

दुसरी चूक प्रमाणाची. औषधी तेलाचा सर्वसाधारण नियम १ भाग वाटण, ४ भाग तेल, १६ भाग द्रव. नुसत्या स्वरसात, म्हणजे ताज्या पाल्याच्या पिळलेल्या रसात, तेल सिद्ध करायचं असेल तर वाटण तेलाच्या आठव्या हिश्शाने घ्यायचं आणि रस तेलाच्या चौपट. म्हणजे ५०० मिली तेलाला २ लिटर बिनपाण्याचा रस आणि साधारण ६० ग्रॅम वाटलेला माका. तुमच्याकडे १ किलोचा रस होता आणि त्यातही दोन पेले पाणी. २ लिटर रसासाठी ५ किलोच्या आसपास ताजा, रसरशीत माका धरून चला. पावसाळ्यातला कोवळा असेल तर कमी लागेल, उन्हाळ्यातला काटक असेल तर जास्त. कमी माका असेल तर तेल कमी करा, पाणी वाढवून मेळ घालू नका. ते पाणी आटवायला तेल उगाच जास्त वेळ तापतं, गुण काही वाढत नाही.

रस असा काढा. माका दोन-तीन पाण्यांतून धुवा, मुळांची माती पूर्ण गेली पाहिजे. मग पंख्याखाली फडक्यावर पसरून वरचं पाणी उडू द्या. चार बोटांएवढे तुकडे करा, नाहीतर खोडाचे धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. पहिला घाणा फिरत नाही म्हणून लोक पाणी ओततात. त्याऐवजी पहिली मूठ खलबत्त्यात कुटून वाटीभर रस काढा आणि तो मिक्सरमध्ये ओता. पुढे प्रत्येक घाण्याला आधीचाच रस वापरा. पंचात घालून पिळा. चोथ्यातून ६० ग्रॅम काढून वाटण म्हणून वापरू नका, त्यात अर्क उरलेला नसतो. त्यासाठी मूठभर ताजी पानं वेगळी, चटणीसारखी बारीक वाटा. कच्चा रस रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी तेलात जाऊन एकदा उकळला पाहिजे.

पातेलं एकूण ऐवजाच्या तिप्पट मोठं हवं. अडीच लिटर मिश्रणाला ७-८ लिटरचं जाड बुडाचं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं घ्या. लहान पातेल्यात पहिला फेस उतू जातो आणि तेल शेगडीवर सांडून भडका उडतो. तेल मंद तापवा, बाजूला घ्या, वाटण रसात कालवून थोडं थोडं सोडा, मग पुन्हा आचेवर ठेवा. कडकडीत तेलात रस एकदम ओतला तर अंगावर उडतो.

आच कायम मंद ते मध्यम. स्वरसातलं तेल तीन दिवसांत पुरं करावं असा जुना संकेत आहे आणि तो व्यवहार्यही आहे: पहिल्या दिवशी तास-दीड तास, दुसऱ्या दिवशी तितकंच, तिसऱ्या दिवशी संपवायचं. मधल्या वेळात वरून फडकं बांधा, घट्ट झाकण नको, वाफेचं पाणी परत आत पडतं. उकाड्याचे दिवस असतील तर सकाळ-संध्याकाळ एकेक कढ आणा, नाहीतर रस आंबतो.

शेवटचा अर्धा तास जागचं हलायचं नाही. वाटण तळाला बसतं आणि करपतं, म्हणून उलथन्याने तळ खरवडत राहा. आवाज मंदावला की चमच्यावर थोडं वाटण घ्या, जरा निवू द्या, अंगठा आणि तर्जनीत वळा. बोटांना चिकटून लगदा झाला तर पाक कोवळा आहे. न चिकटता सुबक वात वळली तर ती ज्योतीवर धरा. चटचट आवाज आला तर पाणी आहे, अजून थांबा. आवाज न करता पेटली तर मध्यम पाक झाला, लगेच उतरवा. वात वळताना भुगा होऊ लागला की खर पाक. अंगाला चोळायच्या तेलाला खर पाक शास्त्राला मान्य आहे, पण तिथून करपायला दोन मिनिटंही लागत नाहीत, म्हणून घरी मध्यमच गाठा. अन्नाचा थर्मामीटर असेल तर आणखी सोपं: पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच रेंगाळतं. ते १०५-११० च्या पुढे चढू लागलं की पाणी संपत आलं. १२० च्या पुढे जाऊ देऊ नका.

उतरवल्यावर पातेल्याच्या उष्णतेनेही पाक पुढे सरकतो, म्हणून सोसवेल इतकं गरम असतानाच कोरड्या सुती फडक्यातून गाळा. ५०० मिलीचे साधारण साडेचारशे मिली हाती येतात, बाकी वाटणात राहतं. फडकं फार जोराने पिळू नका, शेवटचे थेंब गढूळ असतात आणि गाळ त्यांच्यातूनच येतो. काचेच्या उंच भांड्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं नितळ तेल ओतून घ्या.

तिसरी चूक साठवण्याची. माक्याचं तेल गडद हिरवं असतं ते पानातल्या हरितद्रव्यामुळे. हे हरितद्रव्य उजेडात तेल खवट करायला मदत करतं, म्हणून खिडकीतली पारदर्शक बरणी ही सगळ्यात वाईट जागा. तपकिरी काचेच्या लहान बाटल्या घ्या, धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, गळ्यापर्यंत भरा आणि फडताळात ठेवा. एकावेळी एकच उघडा.

लोखंडी कढईने तेलाला काळा रंग येतो, लोकांना तो आवडतो. पण तेल तीन दिवस लोखंडात ठेवलं तर लवकर खवट होतं. बिनकल्हईचं तांबं-पितळ तर नकोच.

आत्ता बिघडलेलं तेल पुन्हा कढवलं तर पाणी जाईल, वास जाणार नाही. ते डोक्याला लावू नका.

पाटकडे

फेसाचं कोडं सुटलं. दोन शंका: खोबरेल बरं की तिळाचं? आणि उन्हाळ्यात ओला माका मिळाला नाही तर सुक्यावर तेल होतं का?

तैलपाक

ग्रंथातल्या बहुतेक भृंगराज (म्हणजे माका) तेलांचा पाया तिळाचा आहे. तिळाच्या तेलात स्वतःचेच टिकाऊपणा देणारे घटक असतात, त्यामुळे ते उशिरा खवट होतं. केरळात नारळाचं तेल घेतात, तिकडचं निलीभृंगादी हे केसांचं तेल दोन्ही पायांवर मिळतं. खोबरेल थंडीत गोठतं, २४ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागतं. गोठलेल्या बाटलीत ओला चमचा जातो आणि तिथून पुन्हा बिघाड सुरू होतो. पहिल्या खेपेला घाण्याचं तिळाचं घ्या. रिफाइंड नको, आणि फोडणीचं भाजलेल्या तिळांचंही नको.

सुक्याचं तेल होतं, पण मग तो स्वरस राहत नाही, काढा होतो, आणि प्रमाण बदलतं. १ किलो सुका माका भरडून ८ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर २ लिटर उरेपर्यंत आटवा, गाळा. त्याला ५०० मिली तेल. काढ्यात वाटण सहाव्या हिश्शाने, म्हणजे ८० ग्रॅमच्या जरा वर. सुक्या माक्याची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून लगदा करा. बाजारातली ‘भृंगराज पावडर’ कधी कधी पोपटी हिरवी असते. नीट वाळवलेल्या माक्याची पूड काळपट हिरवी असते, इतका झगझगीत रंग दिसला तर घेऊ नका.

बांधबंदिस्ती

कापणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तेलाआधी पाटाचा विचार करा.

उसात लागणीनंतर ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन किंवा २,४-डी असं तणनाशक मारलं असेल तर त्या हंगामात पाटाचा माका औषधाला घेऊ नका. फवारा वाऱ्याने बांधावर येतो आणि पाण्याबरोबर पाटात उतरतो. तणनाशकातून वाचलेला, पानं वळलेला, शेंडा वाकडा झालेला माका दिसला तर तो नक्की सोडा. गावाच्या सांडपाण्याच्या गटाराकडचा माका सगळ्यात टवटवीत दिसतो, तोही सोडा. तिथलं घाण पाणी मुळांतून वर गेलेलं असतं आणि धुऊन जात नाही. सगळ्यात चांगला भातखाचराच्या बांधावरचा किंवा विहिरीच्या पन्हाळीखालचा.

मुळासकट उपटू नका. पंचांग (मूळ, खोड, पान, फूल, फळ असं सगळं झाड) हवं म्हणून लोक उपटतात, पण तेलाला पाला आणि खोड पुरतं. जमिनीपासून तीन बोटं ठेवून विळ्याने कापा, ओल असेल तर खालच्या पेऱ्यांतून तो पुन्हा फुटतो आणि एकाच पट्ट्यातून पावसाळ्यात दोन-तीन वेळा मिळतो. पीक सोडून बाकी जागेवर तण म्हणून नको असेल तर मात्र बी काळं पडायच्या आत काढा. ते बी उघड्या ओल्या मातीवर सहज रुजतं.

वेळ: फुलं आलेली आणि बोंडं अजून हिरवी. आपल्याकडे ही वेळ श्रावण-भाद्रपदात येते. याच सुमारास गणपतीच्या २१ पत्रींत माका लागतो आणि पंधरवड्यात श्राद्धाला लागतो, त्यामुळे मंडईत जुड्या मिळतात. पण पत्रीच्या जुडीत एकदांडी हमखास मिसळलेली असते, वर दिलेली चोळून बघायची परीक्षा जुडीतल्या काडी-काडीला लावा.

वाळवायचा तर सावलीत, एक थर, वारा लागेल असा, दिवसातून दोनदा उलटून. ढीग केला तर आत घाम सुटून एका रात्रीत बुरशी येते. खोड मोडताना कट आवाज आला की वाळला. ५ किलो ओल्याचा सुका किलोभरही भरत नाही, हा हिशेब आधीच करा.

नाडी_आणि_निदान

काविळीचा प्रश्न राहिला. उत्तर स्पष्ट देते: घरी देऊ नका.

माक्याचा यकृताशी संबंध आयुर्वेदात जुना आहे, आणि त्यातल्या वेडेलोलॅक्टोन या घटकावर प्रयोगशाळांत यकृताच्या संदर्भात अभ्यासही झाला आहे. पण कावीळ हे लक्षण आहे, त्यामागे दहा कारणं असतात. भातखाचरात, चिखलात काम करणाऱ्याला पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत प्रचंड दुखणं, लाल डोळे आणि मग पिवळेपणा आला तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) असू शकतो. कोकणात हे दरवर्षी दिसतं. त्यात पहिल्या काही दिवसांत प्रतिजैविक मिळालं पाहिजे. रस पाजण्यात गेलेले चार दिवस मूत्रपिंडावर जातात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर कुठलाही पाला तो काढत नाही. शिवाय पाटाकडचा कच्चा रस म्हणजे पाटाचं पाणीच पिणं. आधी रक्त-लघवी तपासा, मग वैद्याने नाडी, वय आणि पचन पाहून माका दिला तर तो घ्या. गरोदर बाई आणि लहान मूल यांना तर परस्पर मुळीच नको.

वैद्यकात माका एकटा कमी आणि इतरांबरोबर जास्त वापरतात. सूतशेखर या औषधाला माक्याच्या रसाच्या भावना देतात, म्हणजे ते त्या रसात घोटतात. नाकात सहा थेंब सोडायच्या षड्बिंदू तेलात तिळाचं तेल, बकरीचं दूध आणि माक्याचा चौपट रस असतो. त्या तेलाचा पाक मृदु म्हणजे कोवळा ठेवतात, म्हणून डोक्याचं तेल नाकात घालू नये.

आणखी एक गैरसमज: माका ‘थंड’ म्हणून लावतात. तो उष्ण वीर्याचा आहे, कफ-वातावर काम करतो. थंडावा वाटतो तो खोबरेलाचा. पांढरा झालेला केस या तेलाने मुळापासून काळा होत नाही. त्वचेच्या बाहेर आलेला केस मृत असतो, त्याला फक्त वरून रंग चढू शकतो. कोरडी टाळू, कोंड्याची खाज आणि तुटणारा केस यात मात्र फरक पडू शकतो, आणि तोही आठवड्यातून दोनदा, रात्री बोटांच्या टोकांनी मुळाशी लावून, दोन-तीन महिने सातत्य ठेवलं तर. टाळूवर चट्टे, पू किंवा गोल गोल केस गेलेली जागा असेल तर तेल थांबवा आणि दाखवा.

ज्यांना गाजर गवताने त्वचेला खाज, पुरळ येतं त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस बघावं. माका त्याच कुळातला आहे.

पाटकडे

पिवळा वेल बाद, फवाऱ्याकडचा पट्टा बाद. विहिरीच्या पन्हाळीखालचा माका आज चोळून पाहिला, रस काळा पडला. भाद्रपदात १ किलोच तोडून १०० मिली तिळाच्या तेलावर करून बघतो. ४०० मिली रस, १२-१३ ग्रॅम वाटण, हे बरोबर ना? आणि गाळल्यावर उरलेल्या वाटणाचं काय करायचं?

तैलपाक

प्रमाण बरोबर. पण १०० मिलीला पातेलं लहान आणि अरुंद घ्या. रुंद भांड्यात इतकं तेल पातळ थर होऊन वाटण लगेच करपतं, आणि वात वळून पाहायलाही पुरेसं वाटण राहत नाही. जमलं तर २ किलो माका आणि २०० मिली तेल करा, पहिल्या खेपेला हात बसायला तेवढा ऐवज हवा.

वाटण दोन-तीन दिवसांत, आंघोळीआधी तासभर टाळूला लावून संपवा. ते साठवू नका, त्यातलं तेल बाटलीतल्याच्या खूप आधी खवट होतं.